कॅरॅव्हॅन अजून दारातच का आहे

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर तू बाबांना विचारलंस, "निवृत्त झालात, कॅरॅव्हॅन घेतलीत, नकाशे भिंतीवर चिकटवलेत, मग निघत का नाही? दारात उभी राहून गंजायची ती आता." बाबांनी हसून विषय बदलला. त्यांनी माझी बाजू सांभाळली, पण मला असं सांभाळून घेतलेलं आवडत नाही, म्हणून काय ते लिहूनच टाकते. आम्ही थांबलोय ते माझ्यासाठी. कॅरॅव्हॅन म्हणजे गाडीमागे जोडून ओढायची चाकांवरची खोली. बाबा आता ती जोडतात, ओढतात, अरुंद जागेत मागेही घेतात. मलाही जोडता-सोडता येते, पुढे नेता येते. मागे घ्यायची म्हटली की मात्र अजून तारांबळ उडते. आणि दोघांनाही सगळं यायला लागेपर्यंत लांबचा रस्ता धरायचा नाही, ही अट मीच घातली आहे.

"अगं, बाबा आहेत ना चालवायला!" असं तू म्हणणार. आहेत. पण निवृत्तीनंतर फिरायला निघणारी माणसं साठी ओलांडलेली असतात, हे प्रवासाच्या गुळगुळीत पुस्तिकांत कुणी छापत नाही. एखाद्या दुपारी बाबांची पाठ धरली, चक्कर आली, साधा चष्मा फुटला, तर नुसती गाडी असती तर मी जागा बदलून पुढे निघाले असते. मागे दीड टनाहून जास्त वजनाची खोली जोडलेली असताना तसं करता येत नाही. ती रस्त्यात सोडून जाता येत नाही, आणि जिला ओढायचा सराव नाही अशा बाईने त्याच दिवशी पहिल्यांदा ओढूही नये. नवरा मागच्या सीटवर आडवा आणि बायको हातात फोन धरून मदतीची वाट बघत बसलेली, हे मला चालणार नाही. आमच्या कॅरॅव्हॅन ओढायच्या शिकवणीला येणाऱ्या जोडप्यांत बऱ्याच बायका "मी नुसती बघते" म्हणून खुर्ची घेऊन बसायच्या. शिकवणाऱ्या बाई कुणालाच बसू द्यायच्या नाहीत. त्या मला तिथेच आवडल्या.

आता शिकवणीबद्दल. बाबांनी उभी हयात गाडी चालवली, त्यांना क्लास कशाला, असं तू मागे म्हणाला होतास. परवान्याचं म्हणशील तर कायदा देशोदेशी वेगळा आहे. ब्रिटनमध्ये १६ डिसेंबर २०२१ पासून साध्या मोटारीच्या परवान्यावर ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो, वेगळी परीक्षा लागत नाही. युरोपीय संघात साध्या परवान्यावर गाडी आणि मोठा ट्रेलर मिळून ३,५०० किलोची हद्द आहे. त्यापुढे ४,२५० किलोपर्यंत जायचं तर जादा प्रशिक्षण किंवा परीक्षा. पण परवानगी मिळाली म्हणून हात बसला असं होत नाही. उलट जुन्या चालकाच्या हातापायांना ज्या सवयी लागलेल्या असतात त्यातल्या दोन इथे घात करतात. भीती वाटली की पाय ब्रेकवर जातो, आणि गाडीची शेपटी हलली की हात स्टिअरिंगने ती सरळ करायला धावतात. मोटारीत या दोन्ही सवयी पुष्कळदा तारतात. मागे कॅरॅव्हॅन असेल तर त्या मोडायला लागतात, आणि लागलेली सवय मोडायला नवी लावण्यापेक्षा जास्त दिवस लागतात.

पण पहिल्या दिवशी आम्हाला स्टिअरिंगला हातच लावू दिला नाही. वजनकाट्यावर नेलं. मी जन्मभर हिशेब लिहिले आहेत, त्यामुळे मला तो दिवस सगळ्यात जास्त आवडला, बाबांना सगळ्यात कमी.

कॅरॅव्हॅनच्या पत्र्यावर एक पट्टी असते, तिच्यावर कमाल वजन लिहिलेलं असतं. आमची रिकामी १,३५० किलो, कमाल १,६५०. म्हणजे सामानाला ३०० किलो. दोन माणसांना ३०० किलो म्हणजे चंगळच, असं बाबा म्हणाले. मग बाईंनी कागदावर मांडायला लावलं. पाण्याची टाकी ९० लिटरची, म्हणजे भरल्यावर ९० किलो. नंतर बसवलेली बॅटरी २५. बाजूला उघडायचं छत ३०. भरलेले दोन गॅस सिलिंडर साधारण ४०. कारखान्यातून कॅरॅव्हॅन निघाली तेव्हाच्या वजनात यातलं काहीही धरलेलं नव्हतं. राहिले ११५ किलो. त्यात अंथरूण-पांघरूण, कपडे, भांडी, खुर्च्या, टेबल, बाबांची हत्यारांची पेटी आणि माझी औषधं. बाबा ती पेटी दोन्ही हातांनी उचलून काट्यावर ठेवताना मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

हिशेबाची दुसरी वही गाडीची. जाहिरातीत लिहिलेलं असतं, "२,००० किलो ओढते." ओढते, पण आत माणसं आणि सामान किती भरलंय हे तिथे लिहिलेलं नसतं. गाडी आणि कॅरॅव्हॅन मिळून किती, याची वेगळी मर्यादा असते, आणि डिकी भरली की ती आधीच गाठली जाते. गाडीच्या मागच्या ज्या गोळ्यावर कॅरॅव्हॅन अडकवतात तो टोबॉल. कॅरॅव्हॅनचं जे वजन त्या टोबॉलवर टेकतं तेही गाडीच्याच बोज्यात धरायचं असतं, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. ब्रिटनमध्ये नवशिक्यांना असं सांगतात की कॅरॅव्हॅनचं भरलेलं वजन गाडीच्या स्वतःच्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवा. तो कायदा नाही, सल्ला आहे, पण मला पटला. आमची गाडी १,९०० किलोची, कॅरॅव्हॅन भरून १,६१० भरली. जेमतेम बसलो.

टोबॉलवरचं वजन कसं काढतात ते तुला सांगायलाच हवं. कॅरॅव्हॅन सोडवून सगळीच्या सगळी काट्यावर उभी केली, पुढचं छोटं जॉकी चाकही काट्यावर: १,६१०. मग गाडीला जोडली, गाडी काट्याबाहेर आणि फक्त कॅरॅव्हॅनची मोठी चाकं काट्यावर: १,५००. मधले ११० किलो टोबॉलवर. एकूण वजनाच्या सात टक्क्यांना किंचित कमी. ब्रिटनमध्ये पाच ते सात टक्के चांगले मानतात, ऑस्ट्रेलियात दहाच्या आसपास, उत्तर अमेरिकेत दहा ते पंधरा. गाड्यांची घडण वेगळी म्हणून आकडे वेगळे. आमच्या गाडीच्या पुस्तकात टोबॉलला १२० किलोची हद्द आहे, तेव्हा दहा टक्क्यांचा नियम आम्हाला लावताच येणार नाही. ऐकीव आकड्यापेक्षा आपल्या गाडीचं पुस्तक मोठं.

आणि आता तुझ्या भेटीबद्दल. दोन इलेक्ट्रिक सायकली आणि त्या मागे टांगायचा स्टँड तू हौसेने पाठवलास. सायकली छान आहेत, मी चालवून पाहिली. स्टँड मात्र लावणार नाही, रागावू नकोस, आकडे बघ. सायकली प्रत्येकी २४ किलो, स्टँड १२, मिळून ६०. कॅरॅव्हॅनच्या आसापासून मागचं टोक ३ मीटर, पुढचा टोबॉल ४ मीटर. मागच्या टोकाला ६० किलो टांगले की टोबॉलवरचे ४५ किलो उचलले जातात. ११० चे ६५ होतात, म्हणजे चार टक्केसुद्धा नाहीत. आसावर साठाच्या जागी १०५ किलो वाढतात. एकूण वजन १,६७० होऊन कमाल मर्यादाही ओलांडली जाते. कॅरॅव्हॅन अशी मागे जड होऊन उलाळ झाली की वेगात तिची शेपटी हलायला लागते. म्हणून जड सामान खाली, आसाच्या आसपास. हलकं वरच्या कपाटात. मागच्या टोकाला शक्यतो काहीच नाही. सायकली आम्ही गाडीच्या टपावर नेऊ, टपाला किती झेपतं ते बघून. बदल्यात हत्यारांची पेटी अर्धी होणार आहे. बाबांना अजून सांगितलेलं नाही.

शेपटी हलायला लागते म्हणजे काय, ते मी फिल्मवर पाहिलं आणि त्या रात्री नीट झोपले नाही. सुरुवात अगदी क्षुल्लक गोष्टीने होते. बाजूने वाऱ्याचा झोत येतो, किंवा मोठा ट्रक शेजारून जातो. ट्रक येताना त्याच्या तोंडापुढची हवा तुम्हाला बाहेर ढकलते आणि तो पुढे निघाला की आत ओढते. कॅरॅव्हॅन एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे डुलते. वेग कमी असेल, वजन नीट लावलेलं असेल, तर दोन-तीन हेलकाव्यांत आपोआप शांत होते. वेग एका हद्दीपलीकडे असेल तर प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होत जातो. घाबरून स्टिअरिंग उलटसुलट फिरवलं तर झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्का दिल्यासारखं होतं, झोका वाढतच जातो. शेवटी कॅरॅव्हॅन आडवी होते आणि गाडीलाही घेऊन जाते.

मग करायचं काय? ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा, स्टिअरिंग घट्ट धरून सरळ ठेवायचं आणि वेग आपला आपण उतरू द्यायचा. जोरात ब्रेक दाबायचा नाही. "वेग वाढवला की ती सरळ होते" असं सांगणारे लोक भेटतात. त्यांचं ऐकायचं नाही. ज्या कॅरॅव्हॅनला विजेचे ब्रेक असतात त्यांच्या चालकापाशी एक कंट्रोलर असतो, त्याने फक्त मागचे ब्रेक हलके लावता येतात, त्याने ती ताणली जाऊन सरळ होते. आमचे ब्रेक त्या जातीचे नाहीत. गाडी मंदावली की कॅरॅव्हॅन पुढे रेटते आणि त्या रेट्यानेच तिचे ब्रेक लागतात. डुलणं थांबवणारी यंत्रंही मिळतात, आम्ही बसवून घेतलंय. पण बाई म्हणाल्या, सामान चुकीचं लावून यंत्रावर भरवसा टाकायचा असेल तर घरी बसा. मला ते इतकं आवडलं की वहीत लिहून ठेवलं.

वेगाचं म्हणून वेगळं सांगते. ताशी ८० किलोमीटरवरून १०० वर गेलं तर वेग पाव पटीने वाढतो, पण थांबवायची ताकद दीडपटीहून जास्त लागते. जर्मनीत कॅरॅव्हॅनला ८० ची मर्यादा आहे. गाडी, ट्रेलर आणि टायर ठरलेल्या कसोटीला उतरले तरच १०० मिळतात, त्यातही ट्रेलरचे टायर सहा वर्षांच्या आतले लागतात. ब्रिटनमध्ये मोटरवेवर ताशी ६० मैल, साध्या दुपदरी रस्त्यावर ५०. आम्ही आमच्यापुरते ताशी ८० किलोमीटर ठरवलेत. मागून कुणी हॉर्न वाजवेल. वाजवू दे. जागा मिळाली की कडेला होऊन रांग पुढे सोडायची, आणि पुढच्या गाडीपासून नेहमीच्या दुप्पट-तिप्पट अंतर ठेवायचं. बाबांना हे सगळ्यात जड गेलं, कारण त्या मोकळ्या जागेत कुणी ना कुणी घुसतंच आणि मग पुन्हा मागे राहावं लागतं.

उताराला घाटमाथ्यावरच खालचा गिअर टाकायचा, निम्म्या उतारावर आठवण होऊन उपयोग नाही. सतत दाबून तापलेला ब्रेक ऐन वेळी लागत नाही. वळताना कॅरॅव्हॅनची चाकं गाडीच्या चाकांपेक्षा आतून जातात, म्हणून गाडी थोडी पुढे नेऊन मग वळायचं. पेट्रोलपंपावर मात्र उलट गंमत होते: तीव्र वळण घेतलं की मागचं टोक विरुद्ध बाजूला बाहेर फेकलं जातं आणि ते आरशात दिसत नाही. खांबाजवळून वळायचंच नाही, सरळ बाहेर पडता येईल असा पंप शोधायचा.

जोडण्याचं काम माझं. ते मला इतकं जमलंय की बाबा मध्ये बोलले तर मी पहिल्यापासून सुरू करते, कारण अर्धवट तपासलेली गोष्ट तपासलेली वाटते. चाकांना अडण्या लावलेल्या, कॅरॅव्हॅनचा हँडब्रेक ओढलेला. बाबा गाडी मागे आणतात, मी कॅरॅव्हॅनच्या नाकावरची कपलिंगची वाटी बरोबर टोबॉलच्या वर येईपर्यंत हात वर धरते. मग जॉकी चाकाचा दांडा फिरवत नाक खाली घेते. खट्! आमच्या कपलिंगवर एक छोटी खूण आहे, ती लालची हिरवी होते. तरीही माझा तिच्यावर विश्वास नाही. जॉकी चाकाचा दांडा उलटा फिरवून नाक पुन्हा वर उचलून बघते. कपलिंग खरंच अडकलं असेल तर त्याच्याबरोबर गाडीची मागची बाजूही वर उचलली जाते, स्प्रिंगा करकरतात. नसेल अडकलं तर कॅरॅव्हॅन एकटीच वर येते आणि दारातल्या दारात कळतं. तो करकर आवाज ऐकला की मग पुढचं.

पुढचं म्हणजे तुटवायर. गाडीपासून कॅरॅव्हॅन सुटलीच तर ही तार ताणली जाऊन तिचा हँडब्रेक ओढते आणि मग तुटते. ती नुसती टोबॉलच्या गळ्यात अडकवायची नाही, तिच्यासाठी दिलेल्या कडीत अडकवायची. काही देशांत तारेऐवजी साखळ्या असतात. त्या दांड्याखालून एकमेकींवर तिरक्या ओढून लावतात, म्हणजे नाक सुटलं तरी जमिनीत रुतत नाही, साखळ्यांवर झेललं जातं. मग दिव्यांचा प्लग, त्याची वायर वळणावर ताणणार नाही आणि रस्त्याला घासणारही नाही इतकी सैल. जॉकी चाक वर ओढून कसायचं. बाबा आत बसून एकेक दिवा लावतात, मी मागे उभी राहून ओरडते: डावा, उजवा, ब्रेक. गॅस सिलिंडरवरच बंद, छताची खिडकी बंद, पायरी आत, अडण्या काढल्या, हँडब्रेक सोडला. शेवटी एक पूर्ण फेरी, तोंडाने काही न बोलता.

टायरचं तुला आवर्जून सांगते, कारण तुझ्या गाडीलाही ते लागू आहे. टायरच्या बाजूला एका लांब अक्षरओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या २३व्या आठवड्यातला. कॅरॅव्हॅनचे टायर झिजून मरत नाहीत, उभ्या उभ्या म्हातारे होतात. वरून नक्षी नव्यासारखी आणि बाजूच्या रबराला बारीक चिरा. आमच्या कॅरॅव्हॅनच्या आधीच्या मालकाने "टायर कोरे आहेत" असं सांगितलं होतं. नक्षी कोरीच होती, आकडे वाचल्यावर आम्ही ते दोन्ही बदलले. चाक बदललं की पन्नास-शंभर किलोमीटर गेल्यावर नट पुन्हा टॉर्क पान्याने कसायचे असतात, कारण ते बसतात आणि सैल होतात. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासायची.

आता माझं दुखणं. मागे घेणं.

आम्ही गावाबाहेरच्या एका मोकळ्या मैदानात जातो. चार पिंप ठेवून पार्किंगची जागा आखायची आणि तिच्यात कॅरॅव्हॅन घालायची. बाई म्हणाल्या, दोन्ही हात स्टिअरिंगच्या वरून काढा, एक हात तळाशी धरा, घड्याळात सहा असतो तिथे. तो हात ज्या बाजूला सरकवाल त्या बाजूला कॅरॅव्हॅनचं मागचं टोक जाईल. या एका युक्तीने डोक्यातला अर्धा गोंधळ संपला. उरलेला अर्धा असा की कॅरॅव्हॅन वळायला लागली की लगेच स्टिअरिंग दुसऱ्या बाजूला घेऊन गाडीने तिच्या मागे जायला हवं, नाहीतर दोघींमधला कोन मिटत जातो आणि गाडीचा कोपरा कॅरॅव्हॅनच्या नाकाला भिडतो. तो "लगेच" मला सापडत नाही. कधी लवकर होतो, कधी उशिरा. आणि लांब कॅरॅव्हॅनपेक्षा आखूड अवघड असते, कारण ती पटकन वळते. आमची आखूड आहे. घेताना आपण आखूड म्हणजे सोपी असं समजलो होतो.

पण कालच्या सरावात एक गोष्ट झाली. कोन मिटत चाललाय असं वाटलं तशी मी थांबले, हात स्टिअरिंगवरून काढले, दीर्घ श्वास घेतला आणि गाडी सरळ पुढे काढली. दोघी सरळ रेषेत आल्या. मग पुन्हा मागे. पुन्हा पुढे. बाबा पिंपाजवळ उभे होते, त्यांना ताटकळत ठेवलं, आणि ती आत गेली, वाकडी, पण पिंपाला न लागता. पुढे काढून नव्याने सुरू करणं म्हणजे हरणं, असं मी आजवर मनात धरून बसले होते. बाई म्हणतात, ट्रकवालेही तेच करतात, खाली उतरून बघूनही येतात. चालकाच्या बाजूची खिडकी उघडी ठेवून त्याच बाजूला वळवत मागे घ्यायचं, म्हणजे टोक डोळ्यांनी दिसतं. दुसऱ्या बाजूने घेणं म्हणजे अंधारात घेणं, जागा अशी असेल तर फेरा मारून दिशा बदलून यायचं.

बाहेर उभं राहणाऱ्यासाठी आमचा एकच नियम आहे. चालकाला आरशात माणसाचा चेहरा दिसत नसेल तर गाडी थांबते, मग काही का होईना. "ये, ये, ये, अगं इकडे, नाही तिकडे" हे बंद. डावं-उजवं बोलायचं नाही, हाताने बाजू दाखवायची, आणि "थांब" हा एकच शब्द मोठ्याने ओरडायचा. हे ठरवल्यापासून मैदानावरून घरी येताना आम्ही एकमेकांशी बोलतो. शिवाय बाहेरच्याने खाली चाकांकडे बघता बघता वरही बघायचं असतं. झाडाची फांदी आरशात येत नाही.

तेव्हा बेत असा. पुढचे काही आठवडे मैदान. मग दोघांनी आळीपाळीने चालवत दिवसाच्या दिवसात परत येण्याएवढ्या अंतराच्या फेऱ्या, आधी रिकामी घेऊन, मग पाण्यासकट भरून, कारण भरलेली वेगळी वागते आणि ते घराजवळ कळलेलं बरं. एखादा दिवस मुद्दाम वाऱ्याचा निवडू, फार नाही, कळण्यापुरता. मग जवळच एक रात्र मुक्काम. त्यानंतर निघू. दर दोन तासांनी हात बदलायचा, दुपारी चारपर्यंत मुक्कामावर पोचायचं, म्हणजे मागे घ्यायला उजेड राहतो. वारा जोराचा असेल तर त्या दिवशी निघायचंच नाही. आपल्याला कुठे कामावर हजर व्हायचंय? निवृत्तीचा खरा फायदा मला तरी हाच दिसतो.

सूनबाईचा निरोप मिळाला, सुट्टीत मुलांना घेऊन जायला कॅरॅव्हॅन हवी म्हणाली. जरूर देऊ. पण आधी तुम्ही दोघांनी शिकवणी पुरी करायची, दोघांनी म्हणजे दोघांनी. तुमच्या गाडीचं पुस्तक घेऊन ये, ती एवढं वजन ओढू शकते का, टोबॉलला किती चालतं आणि विम्यात ट्रेलर धरलाय का, ते आपण बसून बघू. मला वाटतं तुमची गाडी हलकी पडेल. तसं असेल तर आमची न्या. चालत्या कॅरॅव्हॅनमध्ये मुलांना बसवायचं नाही, ती कितीही मागे लागली तरी. आणि निघायच्या आदल्या दिवशी सूनबाईने माझ्यासमोर ती जोडून, पिंपांमध्ये मागे घालून दाखवायची. तिला सांग, मी हसणार नाही.

बाबांचे आशीर्वाद. मुलांना पापा.

तुझी आई

ता. क. सायकलच्या स्टँडची पावती जपून ठेवली असशील तर पाठव. दुकानदार परत घेत असेल तर त्याऐवजी दोन लांब आरसे हवेत, कॅरॅव्हॅनच्या रुंदीबाहेरचं दिसणारे. आत्ताचे उसने आहेत.